बिनफडक्याची मेथी

गौरी तोंडावर आल्या की पुण्यातल्या बायकांना मेथी आठवते. एरवी जी जुडी फ्रीजमध्ये पिवळी पडून कचऱ्यात जाते, तिच्यासाठी त्या दिवशी बाजारात कोपर मारून पुढं घुसावं लागतं. माहेरवाशीण गौर आली की पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य लागतो, आणि ती काही ब्रोकोली खात नाही. मेथीही मोठी खट, नेमकी भाद्रपदातच रुसते. पाऊस जास्त झाला की मुळात सडते, आभाळ नुसतं भरून राहिलं की माव्याची कीड पडते. म्हणून हडपसरच्या पलीकडे कालव्याच्या अंगाला ज्यांची थोडी थोडी रानं अजून उरली आहेत, ती माणसं गणपती बसला की देवाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघतात.

मुक्ताबाईचं रान असंच उरलेलं. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या. वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीत चहा पिताना खालच्या हिरव्या तुकड्याचे फोटो काढत, आणि त्याच तुकड्यात शेणखत पडलं की वास येतो म्हणून तक्रारही करत. रान दोघा भावांचं होतं. थोरला संपत हा मुक्ताबाईचा नवरा, आणि धाकटा भैरू. भैरूनं शेती कमी करून टेम्पो घेतला. संपतनं पालेभाजीशिवाय जन्मात दुसरं काही केलं नाही. हडपसरच्या बाजारात त्याची मेथी लोक डोळे झाकून घेत, आणि त्याला कारण होतं त्याचं फडकं.

फार वर्षांपूर्वी औषध मारलेल्या वाफ्यात शेजाऱ्याची शेळी शिरली आणि दिवस मावळायच्या आत पाय ताणून मेली. तेव्हापासून संपतनं रीत घालून घेतली. औषध मारायच्या आधी तो वाफ्याच्या कोपऱ्यात काठी रोवायचा आणि तिला मुक्ताबाईच्या जुन्या लाल साडीची चिंधी बांधायचा. आधी फडकं, मग पंप. भाजी खायजोगी होईस्तोवर ते फडकं हलायचं नाही. रोजंदारीच्या बायका वाफ्यात पाय टाकण्याआधी कोपऱ्याकडे बघत. बाजारात भाजी विकणारी सुंदराबाई तर गिऱ्हाइकाला सांगायची, "संपतच्या रानातली बिनफडक्याची हाय, बिनघोर घ्या."

माघात संपतच्या डोक्यातली गाठ काढली. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळेच म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. माणूस चालत घरी आला. गाठीबरोबर आणखी काय काय गेलं ते मात्र घरी आल्यावर हळूहळू कळायला लागलं.

ज्याच्या तोंडून उभ्या आयुष्यात कुणी शिवी ऐकली नव्हती, तो आता सोसायटीच्या वॉचमनला आईबहिणीवरून हाका मारायचा. पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत न येणारा माणूस भर रस्त्यात पायजम्याची नाडी सोडून उभा राहायचा आणि मुक्ताबाई धावत जाऊन आडवी होईपर्यंत हसत राहायचा. जेवून तासभर झाला नाही तोच "या घरात मला उपाशी मारत्यात" म्हणून ताट भिरकावायचा. कधी दुपारी बांधावर बसून ढसाढसा रडायचा आणि का रडतो ते विचारलं तर म्हणायचा, "कोण रडतंय?" सकाळचं दुपारी आठवत नसे, पण न घडलेलं इतक्या ठामपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला आपलीच शंका यावी. डॉक्टरांनी समजावलं होतं, "ते खोटं बोलत नाहीत, ताई. आठवणीला जिथं भोक पडलंय तिथं मेंदू हाताला लागेल ते ठिगळ लावतो. त्यांना ते खरंच वाटतं."

मुक्ताबाईला राग यायचा, आणि आजारी माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचा आणखी राग यायचा. नवरा समोर बसलेला असताना तिला नवऱ्याची आठवण यायची, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

पण एक गोष्ट तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली होती. वाफ्यात उकिडवा बसला की संपत पुष्कळसा पहिल्यासारखा दिसायचा. मेथीची जुडी बांधताना त्याची बोटं चुकत नव्हती. एक जुडी दुसरीपेक्षा काडीनं कमी-जास्त व्हायची नाही. तेवढा वेळ शिव्या नसत, रडणं नसे. मुक्ताबाई त्या तेवढ्या वेळावर दिवस काढत होती.

हिंजवडीला कंपनीत असलेली लेक, तनुजा, दर रविवारी फोनवर तेच सांगायची. "आई, प्रॅक्टिकल हो ना. रान काकांना वाट्यानं दे. अप्पांना इकडं आण. इथं डे-केअर आहे, थेरपी आहे, सगळं आहे."

"रान न्हाय ना तिथं," मुक्ताबाई म्हणायची. "घरात विसरतात गं ते. रानात विसरत न्हाईत."

भैरूनंही एकदा भीत भीत विषय काढला होता. "वैनी, बाकी ऱ्हाऊ द्या. औषध मारायचं तेवढं माझ्याकडं सोपवा. दादाच्या हातात पंप नको."

"सगळा बाजार त्यांच्या शब्दावर भाजी घेतो, भावजी. आन् तुम्ही पाठचे भाऊ असून त्यांचा शब्द काढून घ्यायला निघालात?"

भैरू खाली बघत निघून गेला. मुक्ताबाई जिंकली होती. तरी तेव्हापासून औषध मारायचं असलं की ती स्वतः बरोबर उभी राहायची, हे तिनं भैरूला सांगितलं नाही.

त्या भाद्रपदात मेथीचे दोन वाफे होते. एक गौरीसाठी तयार झालेला, दुसरा मागून पेरलेला. मागच्या वाफ्यावर मावा दिसायला लागला तेव्हा मुक्ताबाईनं दुकानातून औषधाची बाटली आणली आणि पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर ठेवली. "गौरी झाल्या की दोघं मिळून मारू. तोवर हात लावायचा न्हाय," असं त्याला तीनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या फिटच्या गोळ्या संपल्या. त्या चुकवून चालत नाहीत. ती त्याला चहा देऊन, बाजेवर बसवून हडपसरला गेली. दुकानात गोळ्या नव्हत्या, दुसऱ्या दुकानात रांग होती, रस्त्यात गणपतीच्या मांडवामुळे रिक्षा अडकली. परत आली तर संपत बाजेवरच होता आणि बारीक पाऊस पडून गेला होता.

गौरी येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मेथी उपटायची होती. रोजंदारीच्या बायका आल्या, त्यांनी कोपऱ्यात बघितलं. मुक्ताबाईनंही बघितलं. फडकं नव्हतं. सगळ्याजणी वाफ्यात उतरल्या. संपत मध्ये बसून जुड्या बांधत होता आणि कसलंसं लहानपणीचं गाणं पुटपुटत होता. एक बाई म्हणाली, "दादा आता सुधारल्यासारखं दिसत्यात." ते ऐकून मुक्ताबाईला इतकं बरं वाटलं की तिनं त्या बाईला घरी न्यायला दोन जुड्या दिल्या.

सकाळी भैरूच्या टेम्पोतून माल सुंदराबाईकडे पोचला. भैरू माल टाकून परत आला आणि मागच्या वाफ्याच्या बांधावर तंबाखू मळत उभा राहिला.

"वैनी, औषध मारलं तरी मावा हलला न्हाय की हो."

"औषध कुठं मारलंय? गौरी झाल्यावर मारायचंय."

"आसं कसं? परवा मी टेम्पो काढताना दादा पंप पाठीला लावून वाफ्यात फिरत होता. मला वाटलं तुम्ही हायसा बरोबर."

 मुक्ताबाई शेडकडे पळाली. फळीवरची बाटली खाली आडवी पडली होती. टोपण उघडं होतं, आत तळाशी थोडंसं उरलं होतं. पंपात पडलं, की जमिनीवर सांडलं? पत्रा गळून शेडमधली सगळी जमीन ओलीच होती. पंप कोपऱ्यात धुतल्यासारखा स्वच्छ उभा होता. मागच्या वाफ्यावर मावा जिवंत होता, म्हणजे तिथं औषध पडलं नव्हतं. मग तयार मेथीवर पडलं का? की नुसतं पाणीच फवारलं? असं तो उन्हाळ्यात दोनदा करून बसला होता.

संपत ओट्यावर बसून चहात बुडवून खारी खात होता. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "अहो, परवा पंप घेतला होता का तुम्ही?"

"घेतला की."

"कुठल्या वाफ्यात मारलं?"

"मागच्या."

"मागच्यात मावा हाय अजून. नीट आठवा. तयार मेथीवर मारलं का?"

"मारलं असंल."

"मारलं का न्हाय?"

"न्हाय मारलं," तो हसला. "तूच मारलंस की गं. मी तुला पाणी आणून देत होतो." आणि मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज चढला. "काय चौकशी लावलीय रांडेच्यांनी सकाळी सकाळी!"

भैरू दाराशी उभा होता. "मी तवाच म्हणलं होतं," असं तो म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं नुसती टेम्पोची किल्ली फिरवली. वाफ्यातून दोन जुड्या घेऊन गेलेल्या बाईला मुक्ताबाईनं फोन लावला. त्या बाईनं भाजी अजून निवडली नव्हती, ती फेकते म्हणाली. संपतला एकटं ठेवून जायची सोय नव्हती, म्हणून त्यालाही टेम्पोत मध्ये बसवलं.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गौरीचे मुखवटे, झेंडूचे ढीग, तेरड्याच्या जुड्या, आणि सगळीकडे हात वर करून भाव विचारणाऱ्या बायका. सुंदराबाईच्या गोणपाटावरचा ढीग अर्धा झाला होता. मुक्ताबाई गिऱ्हाइकांच्या मधून वाकून तिच्या कानाशी गेली.

"मावशी, मेथी थांबवा. विकू नका."

"का गं? पळतीय की चांगली."

"औषध लागलेलं असंल. नक्की न्हाय. पण असंल."

सुंदराबाईचा हात जुडीवर थांबला. कुजबुजलेलं बोलणं बाजारात आधी ऐकू जातं. चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या एका बाईनं पिशवीतली जुडी वर काढली. "असेल म्हणजे काय हो? आहे की नाही? भाजी विकताय की हवामानाचा अंदाज?"

"ताई, ती परत ठेवा. दुसरीकडून घ्या," मुक्ताबाई हात जोडत म्हणाली.

"मग आधी मांडायचीच कशाला म्हणते मी. सणासुदीला आम्हीच सापडलो?"

चार बायका थांबल्या, मग दहा थांबल्या. कुणी म्हणालं, विषारी भाजी विकतात. कुणी मोबाइल वर धरला.  तेवढ्यात टेम्पोतून संपत उतरला.

"कोण म्हणतंय औषध?"

मुक्ताबाईनं मान वळवली. हा आवाज तिनं माघापासून ऐकला नव्हता. चढलेला नव्हता, घोगरा नव्हता. संपत गर्दीतून वाट काढत आला, पायांतल्या चपला गोणपाटाबाहेर काढल्या आणि ढिगापाशी उभा राहिला.

"सुंदरामावशी, फडकं होतं का, इचारा हिला. वाफ्यात फडकं होतं?"

मुक्ताबाईची मान नकळत आडवी हलली.

"नव्हतं ना? मंग औषध कुठनं आलं? इतकी वर्सं तुम्ही माझा माल विकताय. फडक्याबिगर औषध मारलंय कधी या संपतनं?"

"येकदाबी न्हाय," सुंदराबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "खरं बोलतोय त्यो. आईच्यान, येकदाबी न्हाय."

"आवो, दुसऱ्याच्या पोटात जायची चीज हाय ही. मी खोटं बोलीन?" त्यानं एक जुडी उचलली, मूठभर पानं ओरबाडली आणि तोंडात कोंबली. "घ्या. गौरीच्या आधी मी जेवतो."

गर्दी हसली. हसणं मोकळं होतं, विश्वासाचं होतं. चष्म्याची बाई मुक्ताबाईला म्हणाली, "बघा, ह्याला म्हणतात खात्री. उगाच घाबरवता लोकांना." आणि तिनं जुडी पुन्हा पिशवीत टाकून आणखी एक उचलली. मागून हात पुढे यायला लागले.

ह्याच क्षणासाठी मुक्ताबाईनं सात-आठ महिने देव पाण्यात घातले होते. तिचा नवरा, तिचा शहाणा, अब्रूदार नवरा, भर बाजारात ताठ उभा होता आणि लोक त्याच्या शब्दावर भाजी घेत होते. भैरू बघत होता. तनुजा असती तर तिनंही बघितलं असतं. मुक्ताबाई काही न बोलता उभी राहिली असती तरी चाललं असतं. कदाचित तो खरंच बोलत होता. कदाचित नव्हता. आणि बायका जुड्या पिशवीत टाकत होत्या, घरी जाऊन त्या पोरांच्या ताटात वाढणार होत्या.

"त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका!"

एवढ्या मोठ्यानं ती जन्मात ओरडली नव्हती. "त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय! त्यांना काय बी आठवत न्हाय. काल काय केलं ते ठावं नसतं त्यांना. जेवल्याचं ठावं नसतं! ठेवा त्या जुड्या खाली. मी हात जोडते, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका!"

 संपत तोंडात हिरवा घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याचा जबडा धरला आणि दोन बोटं आत घालून चोथा बाहेर ओढायला लागली. तो मान झटकत होता, दात मिटत होता. भैरूनं मागून त्याचे खांदे धरले. हिरवी लाळ त्याच्या सदऱ्यावर आणि तिच्या मनगटावर ओघळली. बायकांनी पोरांची तोंडं दुसरीकडे वळवली. चष्म्याच्या बाईनं दोन्ही जुड्या ढिगावर परत ठेवल्या, आणि जाताना "सॉरी हं" म्हणाली. ते एवढं हळू होतं की कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

जवळच्या दवाखान्यात संपतला दुपारपर्यंत ठेवून घेतलं. त्याला काहीच झालं नाही. मुक्ताबाईनं डॉक्टरला विचारलं, "म्हणजे औषध नव्हतंच का?"

"तसं नाही सांगता यायचं. पोटात फार गेलंच नसेल. शिवाय पावसानं धुतलंही असेल."

उरलेली मेथी भैरूनं खड्डा घेऊन पुरली. विकलेल्या जुड्या कुठं शोधणार? सुंदराबाईनं ओळखीच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले, पण पुणं म्हणजे काही गल्ली नव्हे. मुक्ताबाईच्या घरी संध्याकाळी गौरी आल्या, त्यांना तिनं भोपळ्याची भाजी आणि भाकरी दाखवली. पुढचे काही दिवस दाराशी कुणाची चप्पल वाजली तरी ती हातातलं टाकून उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. कुणी आलं नाही. कुणाला काही झालं का, औषध मारलं होतं का, हे तिला कुणीही कधीच सांगू शकणार नव्हतं. ज्याला सांगता आलं असतं तो ओट्यावर बसून खारी खात होता. तिनं शेडला कुलूप घातलं, किल्ली भैरूच्या हातात दिली आणि म्हणाली, "वाफे तुम्हीच बघा आता." भैरूनं किल्ली घेताना तिच्याकडे बघितलं नाही.

गणपती उठल्यावर तपासणीची तारीख होती. तनुजा सुट्टी घेऊन आली. मोठ्या इस्पितळात, ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरांपुढे तिघं बसली. दर खेपेला डॉक्टर तेच विचारायचे, आणि दर खेपेला संपत ठोकून द्यायचा की सकाळी मटण खाल्लं, पुरणपोळी खाल्ली.

"काय संपतराव, आज सकाळी काय खाल्लंत?"

 संपतनं मुक्ताबाईकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. हात मांडीवर ठेवून तो शांतपणे म्हणाला, "हिला इचारा सायेब. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. माझ्या डोक्याचं आपरेशन झालंय. मला काय बी आठवत न्हाय."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा खुलला. "वा! हे फार चांगलं लक्षण आहे. आपल्याला आठवत नाही, हे कळायला लागलंय त्यांना. इथून पुढं त्यांना सांभाळणं सोपं जाईल. मोठी प्रगती आहे ही."

"आई, ऐकलंस ना?" तनुजाचे डोळे भरून आले. तिनं आईचा दंड दाबला. "मी म्हणत होते ना, इम्प्रूव्हमेंट होईल."

मुक्ताबाई समोरच्या टेबलाची कड बघत बसली होती. बाजारातून परतताना संपत टेम्पोतच सगळं विसरला असं तिला वाटलं होतं. त्याच आशेवर तिनं इतके दिवस घास गिळला होता.

डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "हे कुणी सांगितलं हो तुम्हाला, संपतराव?"

संपतनं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "बाजारात येक बाई होती. तिनं सांगितलं. चारचौघांत वरडून वरडून सांगत होती." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "ही नव्हती हो तवा माझ्यासंगं. ही आसती, तर हिनं तिला बोलू दिलं नसतं."

आणि त्यानं मुक्ताबाईचा हात आपल्या हातात घेतला.